दातवाल्या डॉक्टरांचा चष्मा

आदरणीय साडूभाऊ यांना धाकट्या साडूचा नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? ताईंच्या गुडघ्यांना नवीन मलम लागू पडलं का? इकडे सगळे खुशाल. म्हणजे ही खुशाल आहे, दुकान खुशाल आहे, आणि माझ्याखेरीज आमचं मंडळही खुशाल आहे. माझ्या मात्र पोटात सारखी आग होते. पित्ताची असती तर गोळी घेऊन गप्प बसलो असतो, तुम्हाला पत्र लिहिलं नसतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, दर शनिवारी संध्याकाळी आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर इतिहास आणि राजकारणाचं मंडळ भरतं. एका शनिवारी पुस्तक, एका शनिवारी चित्रपट, मग चर्चा. चर्चेची सुरुवात मी करायची हा अलिखित कायदा (जागा माझी, पडदा माझा, खुर्च्या माझ्या). पुढाऱ्यांची आत्मचरित्रं मी नेहमी मागून वाचतो. पद गेल्यानंतरच्या प्रकरणात माणूस जरा तरी खरं बोलतो; त्याआधीच्या साऱ्या चुका दुसऱ्यांच्या असतात आणि याच्या कानावर त्या फार उशिरा आलेल्या असतात. चित्रपटांबद्दल माझं मत असं, की साठी उलटलेला सेनापती टेकडीवरून शत्रूचे घोडे मोजतो आणि एकदाही डोळे बारीक करत नाही, अशा चित्रपटावर विश्वास ठेवू नये. तरीपण हरलेला राजा तहावर सही करून एकटाच पायऱ्या उतरायला लागला की मला चष्मा काढून पुसावा लागतो. पुस्तकात तो तह दोन ओळींत उरकलेला असतो आणि पायऱ्यांचा पत्ताच नसतो. ही सगळी मतं मी वर्षानुवर्षं आधी घरी हिला ऐकवत आलो आणि मग मंडळाला.

अशा सुरळीत राज्यात दातवाले डॉक्टर शिरले. निवृत्त आहेत, विधुर आहेत, आणि डोक्यावर अजून सगळे केस आहेत (हे मुद्दाम सांगतो). साडूभाऊ, आमच्या धंद्यांतला फरक बघा. मी जन्मभर गिऱ्हाइकाला विचारत आलो, हे स्पष्ट दिसतं की मघाचं? त्यामुळे माझ्याशी वाद घालायची सगळ्या गावाला सवय आहे. यांनी जन्मभर समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबला आणि मग निवांत गप्पा मारल्या. त्यांना उलट बोललेला माणूस अजून जन्मायचा आहे. आवाजात काय तो ठामपणा! पहिल्याच शनिवारी म्हणाले, क्रांतीवरची पुस्तकं विजयाच्या रात्री संपतात, दुसऱ्या दिवशी सकाळी दूध कोणी वाटलं ते कोणी लिहीत नाही. झालं, सगळे माना डोलवायला लागले. घरी जेवताना ही म्हणाली, "दुधाचं बरोबर आहे हं त्यांचं." जरा वेळाने भांडी आवरताना पुन्हा तेच म्हणाली. त्या रात्री मी दूध न घेताच झोपलो.

गेल्या आठवड्यात हे डॉक्टर स्वतःच्याच चष्म्यावर बसले. चष्म्याशिवाय त्यांना लांबचं काही दिसत नाही. नवीन आमच्याकडेच टाकला, काचा नेहमीप्रमाणे तुमच्या कारखान्यातून. शनिवारी निवडणुकीवरचा चित्रपट होता. चष्मा शुक्रवारीच तयार झाला. तो मी गुपचूप खणात सारला आणि काचा आल्याच नाहीत म्हणून सांगितलं. म्हटलं, दिसलंच नाही तर बोलणार काय?

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. चित्रपट सुरू होताच डॉक्टर म्हणाले, मला नुसते ढग दिसतायत. आणि आमची ही, जी एरवी माझ्या शेजारी बसून पेंगते, ती उठली, त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि अख्खा चित्रपट तिने त्यांच्या कानात सांगितला. (कानात, साडूभाऊ!) मी सगळा वेळ त्या दोघांकडे बघत होतो. निवडणुकीत कोण जिंकलं ते मला कळलंच नाही. चर्चेला उभा राहिलो आणि "छायाचित्रण उत्तम" एवढंच म्हणून खाली बसलो. मग डॉक्टर म्हणाले, मी काही पाहिलेलं नाही, पाहिलंय ते वहिनींनी, त्यांनाच बोलू द्या.

आणि ही बोलली. म्हणाली, जिंकलेला उमेदवार प्रत्येक सभेत सगळ्यांना हात जोडतो, पण व्यासपीठावरची त्याच्या बायकोची खुर्ची दर सभेला कोणीतरी जराशी मागे सरकवतं, आणि शेवटच्या सभेत ती पार मांडवाच्या कनातीला टेकलेली असते. मंडळात हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.  मला अभिमानही वाटला आणि आगही लागली.

घराचं कुलूप काढताना मी विचारलं, इतकं सुचतं तर मला कधी सांगितलं का नाहीस? ही म्हणाली, "ते दर घडीला विचारत होते, आता काय दिसतंय म्हणून. तुम्ही कधी विचारलंत?"  गिऱ्हाइकांना तेच विचारून माझी जीभ झिजली, पण घरी विचारायचं कधी सुचलं नाही. जळतो अजूनही, पण आता नक्की कोणावर ते मला सांगता येत नाही.

ताईंना नमस्कार. कळावे,
तुमचा,
जळका साडू

ता. क. : काचा तुमच्या कारखान्यातून उशिरा आल्या, असं मी डॉक्टरांना आणि हिलाही सांगितलं आहे. कोणाचा फोन आला तर यंत्र बिघडलं होतं म्हणा. आणि हे पत्र ताईंना दाखवू नका, शेवटी त्या हिच्या बहीण आहेत.

पुन्हा ता. क. : वरचं राहू द्या. कात्री शोधताना हिला खणात चष्मा सापडला. मला एक शब्द बोलली नाही. स्वतः जाऊन डॉक्टरांना देऊन आली, आमचे हे विसरले होते म्हणाली. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटचं आणि खरं : येत्या शनिवारी चर्चेची सुरुवात ही करणार आहे. मंडळाने एकमताने ठरवलं (माझंही मत त्यातच धरलं). मी घरी म्हटलं, आधी मला ऐकव, तर म्हणते, तिथेच ऐका. डॉक्टरांनी पुढची जागा आत्ताच सांगून ठेवली आहे. तेव्हा तुम्ही दोघं लवकर या, तिच्या अगदी समोरची खुर्ची मला धरून द्या, आणि माझ्या शेजारी बसा. ती बोलत असताना मी मध्ये तोंड घातलं की करकचून चिमटा काढा. पहिल्या चिमट्याने मी थांबणार नाही.