कोंडा वाहत आला तेव्हा

प्रिय मेल्चोरा ताई,

तूच शिकवलेली अक्षरं आहेत, वाकडी आली तर हसू नकोस. माळ्यावर पोत्यांवर बसून लिहितेय. खाली पाणी जात्यांवरून वाहतंय. पूल गेला ते तू तुझ्या काठावरून पाहिलंच असशील.

आजोबा सांगायचे ना, या काठाला सात पाणचक्क्या होत्या. पणजोबांनी डोंगरावरून जाती गडगडत आणली, मग त्यांच्याभोवती घरं झाली. दर मोठ्या पुरात एक चक्की गेली. आजोबा म्हणायचे, आपण पोत्यामागे एक मापटं घेतो, नदी तिचं मापटं घेते, रडायचं कशाला. आता दोनच उरल्यात, वरची सेवेरोकाकांची आणि ही आमची.

वर पाणी चढलं की काका नदीत पोतंभर कोंडा ओततात. कोंडा दिसला की खालच्यांनी उंचावर पळायचं. आपल्याकडे पोरं चालायच्या आधी हे शिकतात. आज सकाळी कोंडा आला, ताई. मी पाहिला. काल काकांनी जात्याला छिन्नीनं टाकी लावली होती, मला वाटलं, जातं धुतायत, त्यातला कोंडा वाहून आलाय. पोरगी माझ्या अंगावर पिता पिता झोपेला आली होती. मी उठले नाही. तिचा बाप, अनाक्लेतो, खाली चाकाला चरबी लावत होता. लोंढा आला, चाक फिरलं आणि त्याचा पाय मोडला. त्याला कसंबसं ओढून वर आणलंय. दुखू नये म्हणून कोकाची पानं चघळत काकांना शिव्या देतोय, थेरडा आंधळा झाला, कोंडा सोडायचा विसरला म्हणून. कोंडा मी पाहिला होता, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. मला म्हणतो, तू निघ, मी काय, जात्यासारखा बसून राहीन. निघू कुठून? आणि त्याला सोडून?

पीठ तुझ्या काठाला पाठवायच्या टोपलीचा दोर तीनदा हलला तेव्हा तुला वाटलं असेल, एवढ्या पुरात पीठ कसलं पाठवते ही. दोर झिजलाय, एक पोतं पेलेल, माणूस नाही. पोरगी पोत्याहून हलकी आहे. हे वाचतेस म्हणजे दोर टिकला. तिला लामाच्या लोकरीत गुंडाळलंय, पोटभर पाजलंय. संध्याकाळी भूक लागेल, रुफिना अंगावर पाजते, तिच्याकडे ने. नाव अजून ठेवलं नव्हतं, तूच ठेव. सेवेरोकाकांना सांग, कोंडा वेळेवर पोचला होता. अनाक्लेतोला मी आता सांगते. आणि तिला टोपलीतून उचललंस की दोर तीनदा हलव. माझा हात दोरावरच आहे.

तुझीच,
दोमी