अन्वरचं मेडिकल

राजिवडा, रत्नागिरी
१२ जून २०२५

प्रिय हमीदा आपांस,
नबिलाचा सलाम वि. वि.

कंपनी बंद पडून तुमचे भाऊ घरी आले, तेव्हा तुम्हीच मला धीर दिलात. आता खूशखबर ऐका, मला दिवस गेलेत, तुम्ही फुफू होणार आहात. फोनवर सांगितलं नाही, कारण तुमच्या अम्मी स्पीकर लावून सगळं ऐकतात. माझा भाऊ अफनान दुबईला निघालाय, त्याच्या बॅगेत हे पत्र घालतेय.

काल आरोग्य केंद्रात नाव घातलं. सिस्टर म्हणाल्या, एचआयव्हीची टेस्टही करू. मी साफ नाही म्हटलं. आमच्यांचं दर दोन वर्षांनी गल्फचं मेडिकल होतं, पास झाल्याशिवाय व्हिसा मिळत नाही, मग मला कशाला टेस्ट? मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका हेच सांगतात. सिस्टर म्हणाल्या, पुढच्या वेळी परत विचारेन.

लोभ आहेच, आता फुफूचाही असू द्या.
तुमची नबिला

अल बर्शा, दुबई
२१ जून

प्रिय नबिलास अनेक दुआ.

बातमी वाचून खूप रडले. जड उचलू नकोस. आणि ती टेस्ट करून घे. लायबा पोटात होती तेव्हा माझीही केली होती, सुईपुरतं दुखतं. कारण विचारू नकोस, मोठी आहे म्हणून ऐक. येणाऱ्या माणसाबरोबर खजूर पाठवतेय.

माया कमी करू नकोस.
तुझी आपा

राजिवडा
३ जुलै

प्रिय आपांस सलाम वि. वि.

खजूर अर्धे अम्मींनीच संपवले. तुम्ही पण त्या सिस्टरांना सामील झालात की काय? यांना विचारलं तर जेवता जेवता उठले. म्हणाले, आपालाच विचार, माझं मेडिकल पास व्हायचं की नाही. तुम्ही तसं दोन ओळींत लिहा, म्हणजे सिस्टरांचं तोंड बंद होईल.

लोभ वाढता असावा.
नबिला

अल बर्शा
१० जुलै

नबिला,

अन्वरचं शेवटचं मेडिकल पास झालं नव्हतं. कंपनी बंद पडलेली नाही, मुसफ्फातलं त्याचं वर्कशॉप आजही चालू आहे. रक्तात एचआयव्ही निघाला म्हणून त्याला परत पाठवलं. निघताना फोनवर म्हणाला, घरी गेल्यावर मीच तिला सांगतो, तोवर तू कंपनी खलास म्हण. मी म्हटलं, आणि म्हणतच राहिले. तू विचारायचीस तेव्हा मी मासळीचा भाव विचारायचे. भावाची अब्रू झाकली आणि तुला उघड्यावर टाकलं. मागच्या पत्रातही मला धीर झाला नाही.

उद्याच टेस्ट कर. इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलंय, गोळ्या लवकर सुरू झाल्या तर बहुतेक बाळं वाचतात. अन्वरलाही ओढून ने.

लोभ मागायला तोंड नाही.
हमीदा

राजिवडा
२८ जुलै

हमीदा आपांस सलाम.

टेस्ट झाली. मलाही आहे. सिस्टर म्हणाल्या, वेळेत आलीस, एकही गोळी चुकवू नकोस. यांच्याही गोळ्या सुरू झाल्या. समोर बसतात, पण नजर वर करत नाहीत. मी ओरडले नाही, कारण अम्मी शेजारच्या खोलीत असतात.

शेजारच्या कुबराचा नवरा तुमच्या तिकडेच जबल अलीला आहे. तिलाही दिवस गेलेत. तीही सिस्टरांना तेच सांगून आली होती. मी तिला हाताला धरून नेलं. वाटेत म्हणाली, यांचं मेडिकल पास आहे गं. मी म्हटलं, त्यांचं झालं, तुझं कुठे झालंय?

बाळासाठी दुआ करा. माफीचं मात्र सध्या विचारू नका.
नबिला