इंधनाच्या जागी धर्म

३ मार्च
दंगलीत दादा गेला त्याला आता तीन महिने होतील. रडून काही होत नाही. कारण सापडलं पाहिजे, म्हणजे आईला शांत वाटेल. ऑफिसात मी सिग्नलच्या वेळा ठरवतो. तेच सॉफ्टवेअर घेतलं. गाड्यांच्या जागी माणसं, इंधनाच्या जागी धर्म. ज्याची भक्ती जास्त, त्याचा ठिपका लाल, म्हणजे धोक्याचा. आठवड्यात काम होईल.

५ मार्च, संध्याकाळ
शिंपी आला होता. रोज येतो. खालीच दुकान. धर्म दंगलवाल्यांचा. त्या दिवशी त्यानेच जखमी दादाला दुकानात ओढलं आणि शटर पाडलं. दादा त्याच्या मांडीवर गेला. आई त्याला रोज तेच विचारते, तो रोज तेच सांगतो. दादाने पाणी मागितलं, मग म्हणाला, आईला एवढ्यात कळवू नका. आई डोळे पुसते आणि त्याला आणखी एक कप चहा देते. मला अर्धा मिळाला. मला चहा तसाही कमीच लागतो.
दादाचं शेवटचं बोलणं सख्ख्या भावाला सोडून शिंप्याच्या वाट्याला का यावं? मनात राग नाही. नोंद करून ठेवली, इतकंच.

९ मार्च
मॉडेल चाललं. शिंपी गडद लाल. प्रार्थना कधी चुकवत नाही, म्हणून. आईला स्क्रीन दाखवला. ती म्हणाली, त्याच्यामुळे माझं पोर रस्त्यावर तरी पडून राहिलं नाही. भावनिक उत्तर. वर तिने शिंप्यालाही बोलावून दाखवलं. तो चष्मा लावून म्हणाला, "लाल रंग शोभतोय की मला. पण माप चुकलंय, भाऊ." दादा गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली. विनोद सामान्य होता.

१४ मार्च
दादाला मारणारा सापडला. बाजारात दादाच्या शेजारचाच गाळेवाला. दादाचा गाळा त्याला हवा होता. गर्दीत घुसून काम उरकलं. पोलीस म्हणतात, हा जन्मात कधी प्रार्थनेला गेलेला नाही. मॉडेलमध्ये तो हिरवागार.
अपवाद असतातच. 'गाळा' असा एक कॉलम वाढवला. आता सगळा बाजार लाल दिसतो. शिंपी अजून लाल झाला. मी हिरवा. म्हणजे मॉडेल मुळात बरोबर आहे.

२१ मार्च
आईने दादाचा राखाडी स्वेटर शिंप्याला दिला. मला विचारलंसुद्धा नाही. मला तो होत नाही, ही गोष्ट वेगळी. उद्या शिंप्याशी शांतपणे बोलायचं. आकडेवारी देऊन.

२२ मार्च
बोललो. जिन्यात. तो स्वेटर घालून वर येत होता. मी फक्त बाही धरली. तो म्हणाला, हळू, शिवण उसवेल. मग मी ओढलं. तो घरंगळत खाली गेला. मनगट मोडलं. जिना फारच अरुंद आहे, घरमालकाकडे मागेच तक्रार करायला हवी होती.
आई दारात उभी होती. आवाज चढवला नाही. म्हणाली, "आता तुझ्या त्या यंत्राला विचार, हे कोणत्या धर्मासाठी केलंस ते."

२३ मार्च
विचारलं. स्वतःची माहिती नव्याने, प्रामाणिकपणे भरली. भक्ती शून्य. गाळा नाही. ठिपका हिरवाच.
स्वेटरचा कॉलम घालावा का, असं मनात आलं. रंग कोणता येईल याचा अंदाज होता, म्हणून घातला नाही. मॉडेल उगाच किचकट करू नये.

३० मार्च
शिंप्याचा हात प्लास्टरमध्ये. सुई ओवता येत नाही. म्हणून आई सकाळीच दुकानात जाते, काजं-बटणं करते. आधी तो तासभर वर यायचा, आता ती दिवसभर खाली असते. जेवण झाकून ठेवते. माझी तक्रार नाही.
दुपारी सहज खाली गेलो. शटरशी उभा राहिलो. आत दादाचंच चाललं होतं. पाण्यापर्यंत आलं होतं. मला बघून शिंपी थांबला आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं. आई मान वर न करता म्हणाली, "ऐकायचं तर बस. मध्ये बोलू नकोस."
मी म्हणालो, ऑफिसला उशीर होतोय.
आज रविवार, हे वर आल्यावर लक्षात आलं.