दोन अंश वजा

४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या शिंपल्या गेल्या. समुद्रात ज्यांवर त्या वाढवतो त्या दोऱ्या वर ओढल्या तर सगळ्यांची तोंडं उघडी, आणि वास असा की हे दिवसभर जेवले नाहीत. चुकलं माझंच असणार. पाणी अठ्ठावीस अंशांच्या वर गेलं की दोऱ्या खाली गार पाण्यात सोडायच्या, एवढं एकच काम माझ्याकडे. धक्क्यावर तू मोजलेला आकडा रोज रेडिओवर ऐकून पाटीवर लिहिते. सत्तावीसच्या वर एकदाही गेला नाही. ऐकण्यात चूक झाली का? ठकी लहानपणापासूनच वेंधळी, असं म्हणशील. म्हण.

उत्तर लवकर धाड. लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी ठकी

९ ऑगस्ट

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

वेंधळी तू आहेसच, पण या वेळी नाहीस. चूक माझी आहे.

जुलैत थर्मामीटरने एकोणतीस दाखवलं. बाबांनी याच धक्क्यावर एकतीस वर्षं बादली सोडून पाणी मोजलं, त्यांच्या वहीत एवढा आकडा कुठेच नाही. मला वाटलं, थर्मामीटर बिघडला. नवा मागवला आणि तो येईपर्यंत रोज दोन अंश वजा करून हवामान कार्यालयाला कळवत राहिलो. बाबांशी जुळलं की बरं वाटायचं. काल नवा आला, तोही एकोणतीसच दाखवतो.

मग वही पहिल्यापासून वाचली. पहिल्या उन्हाळ्यात चोवीस, शेवटच्यात सत्तावीस. मी नेहमी शेवटचंच पान बघायचो. आपला समुद्र जमिनीने वेढलेला, बाहेर पडायला एक चिंचोळी वाट, तापला की लवकर निवत नाही, हे मीच शाळेतल्या पोरांना सांगतो. लाज वाटते. कार्यालयाला सगळं खरं लिहून कळवलंय. मेहुण्यांना तोंड कसं दाखवू?

माफ कर म्हणायची हिंमत नाही. जमेल तेवढी माया ठेव.
दादा

१४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. उठून बाहेर गेले. तासाभराने येऊन म्हणाले, त्याला लिही, इतक्यात इकडे येऊ नकोस. ते लिहिलं.

आता माझं ऐक. दोऱ्या तपासताना रोज कोपरापर्यंत हात पाण्यात असायचा. पंधरा दिवस पाणी कोमट लागत होतं. हाताला कळत होतं दादा, आणि तरी मी पाटीवर सत्तावीस लिहीत होते, कारण आकडा तुझा होता. मी एकदा जरी बोलले असते तर ह्यांनी त्याच दिवशी दोऱ्या सोडल्या असत्या.

हे सगळा राग तुझ्यावर काढतात, आणि मी काढू देते. हे पत्र त्यांना दाखवलेलं नाही.

लोभ कमी करू नकोस, एवढंच.
ठकी