चोवीस नळ्या

बराकपूर,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. शकुनआत्यास,
मंदारचा सा. न. वि. वि.

फोनवर तू कामाचं ऐकून घेत नाहीस, सगळं लिहून हवं असतं. म्हणून हे पत्र. इथल्या डेअरीत जनावरांचा डॉक्टर म्हणून लागून जेमतेम सहा महिने झाले आणि गोठ्यात रोग शिरला. चोवीस गाईंचं रक्त लॅबला पाठवलं होतं. सगळ्यांचं सीरम लालभडक, म्हणजे रक्तपेशी फुटलेल्या. गोचीडतापाशिवाय दुसरं काय असणार? गोचिडांचं औषध फवारायचं काम दिलीपकडे. बावीस वर्षं गोठ्यात काढून अक्कल शून्य. माझ्या सांगण्यावरून व्यवस्थापक त्याला काढताहेत.

माझ्याकडून मात्र कसूर नाही. दुर्गापूजेच्या सुट्टीत लॅब चार दिवस बंद आणि फ्रिजमध्ये विजयादशमीच्या मिठाईच्या हंड्या. मी नळ्या वर फ्रीजरमध्ये ठेवल्या. अगदी दगड झाल्या होत्या! तू तीस वर्षं लॅबमध्ये काढलीस, तुला कौतुक वाटेल.

आशीर्वाद असू दे.
मंदार

बालीगंज,
१७ ऑक्टोबर

चि. मंदार यास आशीर्वाद, तूर्त मोजकेच.

कौतुक? कपाळ माझं! रक्त म्हणजे काय कुल्फी आहे? अख्खं रक्त गोठवलं की पेशी फुटतात आणि सीरम लाल होतं. त्या गाईंच्या अंगात नाही, तुझ्या फ्रीजरमध्ये फुटल्या. गोठवायचं तर आधी सीरम वेगळं काढायचं. नाहीतर नळ्या खालच्या कप्प्यात ठेवून लवकर पोचवायच्या. आमच्याकडे बाटल्या धुणाऱ्या बाईंनाही हे ठाऊक होतं. तुला एक हंडी बाहेर काढवली नाही!

एका तरी गाईला ताप होता का? लघवी लाल होती का? लिहिलं नाहीस, म्हणजे बघितलंच नसशील. पत्र मिळताच नव्याने रक्त काढ, त्याच दिवशी लॅबला दे आणि दिलीपची नोकरी जाण्याआधी चूक कबूल कर.

तुझी आत्या

बराकपूर,
३ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न.

तुझंच खरं निघालं. नव्या तपासणीत चोवीसही गाई ठणठणीत. पण दिलीपला तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच काढलं होतं, आणि व्यवस्थापकांना वाटतंय की गाई मी मधल्या काळात दिलेल्या गोचीडतापाच्या औषधाने बऱ्या झाल्या. सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आता फ्रीजरचं सांगितलं तर मी गाढव ठरेन. दिलीपचं काय, त्याला कुठल्याही गोठ्यात शेण काढायला घेतील. हे आपल्यातच राहू दे. बाबांनाही कळवू नकोस.

माया आहे तशीच राहो.
मंदार

बालीगंज,
८ नोव्हेंबर

मंदार,

आशीर्वाद मुद्दाम वगळले आहेत. चुका सगळ्यांच्याच होतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही नळ्या उन्हात विसरले होते, आणि साहेबांसमोर उभी राहून बोलणी खाल्ली होती. तू चुकीबद्दल शाबासकी घेतलीस आणि वर बावीस वर्षं राबलेल्या माणसाला शेण काढायची वाट दाखवलीस. माझ्या भावाच्या पोटी असा भेकड निपजला, याची मला लाज वाटते.

तुझ्या बाबांना काही कळवलेलं नाही. तुझी दोन्ही पत्रं मात्र आज पोस्टाने तुझ्या व्यवस्थापकांना पाठवली. त्यांना मराठी येत नाही, म्हणून स्वतः बसून बंगालीत उतरवून सोबत जोडली. ती मंगळवारी पोचतील. हे पत्र कुरियरने तुला सोमवारी मिळेल. मधला एक दिवस तुझा आहे.

शकुन