कंबरेवरचा डाग

४ सप्टेंबर, गुरुवार

जमनाबाई आज तिसऱ्या दिवशी उगवली. आली तीच ओट्यावर बसली. शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत तसंच उभं, गोठ्यात गाय हंबरतेय.

"बाई, आंग लय ठनकून राह्यलं. डोकं फुटते."

कपाळाला हात लावला — चटका बसला. पॅरासिटामॉल दिली, घरी पाठवलं. बावीस वर्षं आमच्याकडे कामाला आहे. खोटं आजारपण तिने कधी आणलं नाही, हे मान्य. पण एक गोळी न घेता दोन दिवस तांड्यात पडून राहायचं, याला काय म्हणावं!

६ सप्टेंबर, शनिवार

ताप एकशे तीन. मीच तांड्यावर गेले. अंग पुसायला लुगडं सैल केलं तर परकराच्या नाडीखाली काळा डाग. हरभऱ्याएवढा, कडा लाल. माझं डोकंच फिरलं.

"बिबा लावला ना?"

"नाई बाई. तुमची आन."

"मग आपोआप भाजलं?"

"मले तं तो दिसलाबी नाई. दुखत नाई तिथं काई."

कंबर धरली की बिबा गरम करून टेकवायचा आणि कातडी जाळून घ्यायची! चाळीस वर्षं या बायांना सांगत आले. वर्गात सांगितलं, पालकसभेत सांगितलं. तरी लावतात, आणि माझ्या तोंडावर नाही म्हणतात. खूप बोलले तिला. तिची लेक रेणू दारात उभी होती. म्हटलं बरं झालं, तिनेही ऐकलं.

संध्याकाळी मायलेकींना ऑटोत घालून चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं. वयाने लहान, पण नीट विचारणारे. "काही चावलं का? अंगावर कुठे डाग?" जमनाबाई तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हणाले, "कंबरेवर आहे एक, तो बिब्याचा. त्याचं सोडा." त्यांनी पाहिला नाही.

टायफॉइडच्या गोळ्या दिल्या.

८ सप्टेंबर

मलेरिया नाही. डेंग्यू नाही. ताप आहेच.

९ सप्टेंबर, मंगळवार

गोळ्या वेळेवर घेते की नाही हे बघायला पुन्हा गेले. घेते आहे. पण पाण्याचा तांब्या उचलवत नाही. परत येऊन यांच्यापुढे बिब्याचा विषय काढला, तर हे म्हणाले, "थे बिमार आहे. पेपर तपासू नको तिचा." नवऱ्याला सगळ्यातच विनोद सुचतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

सकाळीच रेणूचा फोन. "बाई, आई बडबड करून राह्यली. मले वळखत नाई."

गेले तर धाप लागलेली, डोळे पिवळे. गाडी केली, थेट अकोला. वाटेत कारंजा गावाजवळ तिने माझा हात धरला. कोण समजून, देव जाणे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला, तिला कुशीवर वळवलं, डोक्यापासून पायापर्यंत टॉर्च फिरवला. कंबरेशी थांबल्या. "हे कधीपासून?"

मी म्हणाले, "तो बिबा —"

"बिबा उततो. खाज सुटते, पाणी सुटतं. हे चिगर चावलेलं आहे. गवतातला किडा, डोळ्यांना दिसत नाही. चावला तरी कळत नाही. मग डाग असा काळा पडतो आणि दुखत नाही. स्क्रब टायफस. पहिल्या आठवड्यात साध्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनी उतरतो हो बहुतेकदा."

आणि नंतर? मी विचारलं नाही.

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं माझं. माइटला आठ पाय, तिच्या पिल्लाला सहा, आणि चावतं ते पिल्लू, तेच चिगर. पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

दुखत नाही, असं ती म्हणाली होती. स्पष्ट म्हणाली होती!

१३ सप्टेंबर

औषध शिरेतून चालू आहे. किडन्या काम करेनात. श्वासासाठी नळी घातली. बाहेर बाकावर मी आणि रेणू. तिने माझ्यासाठी चहा आणला, "घ्या बाई, सकाळपासून काई खाल्लं नाई तुमी." मी प्यायले. तिला काही सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

साडेनऊला गेली.

१५ सप्टेंबर

तांड्यावर गेले होते. बाया एकमेकींना सांगत होत्या, "बाई व्हत्या म्हणून अकोल्याले तरी नेलं. आपलं कोन नेते?" म्हातारा सोमला, जमनाबाईचा दीर, माझ्या पाया पडायला वाकला. पाय मागे घेतले, तर त्याला वाटलं मी मोठेपणा नको म्हणतेय.

घरी येऊन जेवले. झोपही लागली. तिचाच राग येतो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज हे स्वतःच गवत कापायला निघाले. बजावलं — पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचा, बांधावर बसायचं नाही, आल्याबरोबर अंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात. मुकाट्याने सगळं केलं, एकही विनोद नाही.

जमनाबाई बावीस वर्षं त्याच धुऱ्यावर अनवाणी बसून कापायची. तिला मोजे द्यावेत असं कधी मनात आलं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

आरोग्य खात्याचं पथक आलं. धुरा पाहिला, हा किडा उंदरांसोबत येतो म्हणून त्यांची बिळं मोजली. सोबत गावची आशा कार्यकर्ती ज्योत्स्ना, माझीच विद्यार्थिनी. तिला वाटलं, बाई नीट माहिती देतील.

अधिकाऱ्याने विचारलं, "डाग पहिल्यांदा कोणी पाहिला? कधी?"

"मी. सहा तारखेला. बिब्याचा म्हणाले. डॉक्टरांनाही तेच सांगितलं, त्यांना बघू दिला नाही."

ज्योत्स्ना खाली बघायला लागली. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, पान उलटलं. "घरात उंदीर आहेत का?"

रेणूला हे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. उद्या जाते.

१८ सप्टेंबर

सांगितलं. एका दमात, उभ्यानेच. रेणू तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मले मालूम व्हतं, बाई. बिबा नोता थो. चौकातून घरी आलो त्याच दिवशी म्या आईले म्हटलं, उद्या जाऊन सांग ना डाक्टरले. तं आईच म्हणे — बाई म्हनतात तं लावला असन म्या. मलेच याद नसन."