शिशाच्या अकरा पट्ट्या

मी, अपोलीन गोदार, कै. एलुआ गोदार याची विधवा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार पॅरिस, सांत-उस्ताश चर्चमागची गल्ली, अंथरुणाला खिळलेली पण पूर्ण शुद्धीवर, माझे शेवटचे सांगणे नोटरी मेत्र फ्लोरिमाँ यांच्यापुढे तोंडी सांगते आणि ते लिहून घेतात. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. जन्मभर होता, तो आज काय तो उठला. हे वाक्य लिहिता येणार नाही असे नोटरीबुवा म्हणतात. लिहा म्हटले ना!

पहिले. आत्मा देवाला, देह एलुआच्या शेजारी. मला राखाडी लोकरी झग्यात पुरावे. जर, झालर, टिकली काही नको. पन्नास वर्षे दुसऱ्यांच्या अंगावर हेच टाचत आले, मातीत तरी सुटका हवी.

दुसरे. घर आणि खालचे शिंप्याचे दुकान पॅरिसच्या रिवाजाने माझा मुलगा निकेझ यालाच जाणार, मी नको म्हटले तरी. म्हणजे ज्याने त्याला वाकवता आले असते, नेमके तेच माझ्या हातात नाही.

वाकवायचे कशासाठी, तेही लिहा. निकेझची मुलगी बार्ब सोळा वर्षांची आहे आणि नाचते. गेल्या वर्षापासून इथल्या नाटकगृहात बायकांना नाचू देऊ लागले. इतकी वर्षे पुरुषच अप्सरा व्हायचे. गालावर दाढीचे खुंट असलेल्या बाप्यांच्या छातीत कापूस भरून मी त्यांना अप्सरा केले आहे. बार्बला नृत्यगुरूंनी बोलावले आहे. उपासाच्या दिवसांत बंद असलेले नाटकगृह ईस्टरला उघडेल, त्याआधी बापाचा होकार हवा. ईस्टरला नऊ दिवस राहिलेत आणि बाप दगड झाला आहे.

"नाचाने माझ्या बापाचा पाय खाल्ला," म्हणतो. "आता पोरगी पण देऊ? तिचं मी बटणवाल्याच्या घरी ठरवतोय."

"बाबा, मला बटणं नाही लावायची!" पोरगी रडते. मग दोघे माझ्याकडे बघतात. मी आजवर गप्प बसले. का गप्प बसले, ते चौथ्या कलमात येते. आधी तिसरे उरकू द्या.

तिसरे. उस्ताद मालॉ, दरबारच्या पोशाखखान्याचे माजी मुख्य शिंपी, यांना माझ्या मोडक्या सुया डबीत घालून द्याव्यात. राजवाड्यातल्या नाचांचे पोशाख मी शिवले आणि वाहवा यांनी घेतली. बाईमाणसाचे नाव कशाला, म्हणायचे. आता डबी उघडताना बोटाला टोचले तर माझे नाव आठवेल.

चौथे. माझ्या उशाच्या पेटीत तळाशी फडक्यात शिशाच्या अकरा पट्ट्या आहेत. त्या निकेझला द्याव्यात.

निकेझ, ऐक. तुझा बाप हिवाळ्याचे सोंग घेऊन नाचणार होता. शेजारी तेच सोंग मार्की द ब्रेव्हाँ घेणार. दरबारात असेच चालायचे, सरदार आणि पोटासाठी नाचणारे एका रांगेत. पण सरावात एलुआ उडाला की मार्कीच्या डोक्याच्या वर दिसायचा. लोक हसले. दुसऱ्या दिवशी मालॉ माझ्याकडे आला.

"अपोलीनबाई, गोदारच्या पोशाखाच्या घेराला खालून शिसं लावा. साहेबांच्या वर कुणी उडायचं नाही."

"अहो, तो माझा नवरा आहे!"

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. दुसरीला दिलं तर ती गावभर करेल."

तो म्हणाला आणि मी लावले. कोणी गळा धरला नव्हता, निकेझ. काम जाईल एवढीच भीती होती. आमच्याकडे पोशाख अंगावर चढवून माणसाला स्टुलावर उभे करतात आणि बघतात, उडवून कोणी बघत नाही. एलुआ स्टुलावर उभा राहिला आणि म्हणाला, "काय गं, जड झालाय की!" मी म्हटले, "चांदीची झालर वाढवलीये. उभा राहा नीट."

नाचाच्या रात्री तिसऱ्या उडीला त्याचा गुडघा गेला. त्यानंतर एकोणीस वर्षे तो खिडकीशी बसला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "वय झालं होतं माझं, उगाच हौस केली." वय! चौतीस होते! मी सूप ढवळत ऐकायची. एकदाही तोंड उघडले नाही. दरबारात नाच संपला की पोशाख उसवून त्याचा दुसरा करतात. तो घेर उसवायला माझ्याकडेच आला, तेव्हा या पट्ट्या काढून घेतल्या. मालॉला, मार्कीला मी रोज शिव्या घालते, पण टाके माझे आहेत.

तेव्हा नाचाला बोल लावू नकोस. बापाचा पाय मी खाल्ला. त्याची शिक्षा पोरीला देऊ नकोस. मला दे, पण लवकर दे, माझ्याकडे फार दिवस नाहीत.

पाचवे. त्याच पेटीत निळ्या रेशमाचा घेर आहे. बार्बसाठी मी हिवाळाभर शिवला. त्यात शिसे नाही, जर नाही, टिकल्यासुद्धा कागदाच्या. तो तिचा. बापाने होकार दिला नाही तरी तिचाच.

इथे नोटरीबुवांनी लेखणी ठेवली आणि म्हणाले, हे मेल्यावर वाचण्याजोगे नाही, मुलाला आत्ताच बोलवा. बोलावले. त्यांनी चौथे कलम वाचून दाखवले. निकेझने पेटी उघडली, पट्ट्या तळहातावर घेतल्या.

"हे लावून तो उडाला?" त्याने विचारले.

"दोनदा," मी म्हटले.

माझ्याकडे त्याने पाहिले नाही. अजूनही पाहत नाही, हेही लिहा. मग जिन्यात जाऊन हाक मारली, "बार्ब, वर ये." निळा घेर तिच्या कमरेला धरला, तिला स्टुलावर चढवले, आणि लगेच खाली उतरवले.

"उडी मार," म्हणाला.

ती उडाली.

"आणखी एकदा." पुन्हा उडाली. निकेझने गुडघे टेकले, तोंडात टाचण्या धरल्या आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलला, "आई, घेर लोळतोय. पायात येईल. दोन बोटं वर घ्यावा लागेल."

पाचव्या कलमात दुरुस्ती: घेर दोन बोटे आखूड.

वरील सर्व मृत्युपत्र करणारीला दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्यांदा ती रडली, पण शब्द बदलू दिला नाही. लिहिता येत नसल्याने तिने फुली केली आहे.

साक्षीदार: गास्पार लुबेन, मेणबत्तीवाला. मातुराँ प्रूदोम, शेजारी.
निकेझ गोदार वारस असल्याने साक्षीदार होऊ शकत नाही. खोलीत हजर होता, टाचण्या लावत होता.

पॅरिस, २० मार्च १६८२.